कॉर्क ते अहाकिस्ता : किनाऱ्याकाठचा एक दिवस

आयर्लंड म्हटले की हिरवीगार कुरणे, मेंढ्या आणि भुरभुरणारा पाऊस डोळ्यांसमोर येतो. पण या देशाच्या नैऋत्य टोकाला समुद्रकाठी एक लहानसे गाव आहे, त्याच्याशी आपले भारतीयांचे वेगळेच नाते आहे. कॉर्क शहरातून सकाळी मोटारीने निघाले की ते गाव पाहून रात्री परतता येते. जूनमध्ये सूर्यच मुळी दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे वेळ कमी पडत नाही.

माझा मावसभाऊ कॉर्कमध्ये नोकरीला आहे. अहाकिस्ताला जाऊ या, असे मी म्हणताच वहिनीने कपाळाला आठी घातली. "अगं, सुट्टीच्या दिवशी मुलीला तिथे कशाला न्यायचं?" शेवटी ठरले, की वाटेत सगळे पाहत जायचे आणि तिथे थोडाच वेळ थांबायचे.

झुडपांमधून जाणारी वाट

गाड्या इथेही आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात. बॅन्डन मागे पडले, की रंगीबेरंगी दुकानांचे क्लोनाकिल्टी लागते. आयर्लंडच्या स्वातंत्र्यलढ्यातील नेते मायकेल कॉलिन्स १८९० साली याच गावाजवळ जन्मले. गावांच्या पाट्यांवर वर आयरिश आणि खाली इंग्रजी नाव असते. भाची दोन्ही वाचायचा प्रयत्न करून हसत होती.

स्किबरीनजवळ मात्र ती गप्प झाली. १८४५ ते १८५२ या काळात बटाट्याचे पीक रोगाने गेले आणि आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसे उपासमारीने व साथीने मेली. त्यांपैकी आठ ते दहा हजार जण गावाबाहेरच्या ॲबीस्ट्रूरी दफनभूमीत सामुदायिक खड्ड्यांत पुरलेले आहेत. त्या दुष्काळात बाहेरून जी मदत आली, तीत कलकत्त्यात जमवलेला निधीही होता.

बॅलीडिहॉबला खाडीवर जुन्या रेल्वेचा बारा कमानींचा पूल दिसतो. पुढे डर्रस हे चीजसाठी प्रसिद्ध असलेले गाव. इथून रस्ता अगदी अरुंद होतो. दोन्ही बाजूंना लाल फुलांनी लगडलेली फ्यूशियाची झुडपे आणि डावीकडे डनमॅनस उपसागर. समोरून गाडी आली की एकाने मागे सरकून वाट द्यायची. जाता जाता चालक स्टिअरिंगवरचे एक बोट उचलतो, हाच इथला रामराम!

भिंतीवरची नावे

अहाकिस्ताला रस्ता सोडून खाली उतरले, की पाण्याला लागून एक छोटी बाग आहे. मध्ये सूर्यघड्याळ आणि मागे दगडी भिंत. २३ जून १९८५ रोजी माँट्रियलहून लंडनमार्गे दिल्ली-मुंबईकडे निघालेले एअर इंडियाचे 'कनिष्क' विमान या किनाऱ्यापासून सुमारे १९० किलोमीटरवर, समुद्रावर असताना बॉम्बस्फोटाने नष्ट झाले. कॅनडातील खलिस्तानवादी अतिरेक्यांचे ते कृत्य. विमानातील सर्व ३२९ जण मरण पावले. त्यांत ऐंशीहून अधिक मुले होती. शाळांना सुट्टी लागली म्हणून आजी-आजोबांना भेटायला निघालेली कितीतरी कुटुंबे त्यात होती.

भाची भिंतीवरची नावे वाचत होती. "आत्या, एकच आडनाव पुन्हा पुन्हा का लिहिलंय?"

मला चटकन उत्तर देता येईना. वहिनीच तिच्याजवळ बसली आणि म्हणाली, "एकाच घरातले होते गं सगळे. सुट्टीला निघाले होते, आपल्यासारखेच."

समुद्रातून १३१ मृतदेह मिळाले. आयरिश नौदलाचे 'ॲशलिंग' जहाज त्या कामात होते. मृतदेह कॉर्कच्या रुग्णालयात आणले गेले आणि ओळख पटवायला भारतातून, कॅनडातून नातेवाईक आले. ना ओळख, ना देश एक. तरीही कॉर्कच्या लोकांनी त्यांना घरी नेले, जेवू घातले, धीर दिला. पुढच्याच वर्षी, १९८६च्या २३ जूनला, या स्मारकाचे अनावरण झाले. सूर्यघड्याळ कॉर्कचे शिल्पकार केन थॉम्पसन यांनी घडवले आहे. दरवर्षी त्या तारखेला नातेवाईक इथे येतात आणि गावकरीही सकाळीच त्यांच्यासोबत उभे राहतात.

थोडा वेळ थांबायचे म्हणून आलेलो आम्ही तासभर तिथेच होतो. निघताना भाचीने कुंपणाजवळ गळून पडलेली फ्यूशियाची फुले गोळा करून भिंतीपाशी ठेवली. तिला ते कुणी सांगितले नव्हते.

पुढे किलक्रोहानमार्गे शीप्स हेडच्या टोकापर्यंत गेलो. मोटार सोडून सुमारे दोन किलोमीटर चालले, की १९६८ साली बांधलेले दीपगृह येते. पलीकडे फक्त अटलांटिक महासागर. परतताना डोंगरावरून बॅन्ट्रीला उतरलो तेव्हा वहिनी म्हणाली, "बरं झालं आलो. पुढच्या वर्षी तेवीस तारखेलाच येऊ."

जाणार असाल तर

आयर्लंड शेंगेन देशांत मोडत नाही, त्यामुळे शेंगेन व्हिसा इथे चालत नाही. कॉर्कहून अहाकिस्ता शंभर किलोमीटरहून थोडे अधिक आहे. न थांबता गेल्यास दोन तास लागतात. छत्रीपेक्षा रेनकोट बरा, कारण वारा फार. शाकाहारी मंडळींना सूप, ब्राऊन ब्रेड आणि चीज बहुतेक ठिकाणी मिळते. अहाकिस्ताला जाताना थोडी फुले मात्र आठवणीने सोबत घ्या.