अंगानं भरलेली

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलेल्या मुलीला आमच्या इंदापूर तालुक्यात वजन कुणी विचारत नसे. ओट्यावरच्या बायका तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळायच्या आणि तिथल्या तिथे निकाल द्यायच्या. ‘अंग धरलंस गं पोरी’ असं कुणी म्हटलं की आईचा जीव भांड्यात पडायचा. ‘लई वाळलीस, सासरी पोटाला घालत्यात का न्हाई?’ असं कानावर आलं की मात्र ती दिवसभर गप्प असायची. मुलगी परत निघेपर्यंत तिच्या ताटात तूप जरा जास्तच पडायचं.

माझं माहेर निमगाव केतकीचं, पानमळ्यांच्या गावचं, आणि सासर बारामतीचं. आमच्या भागात वजन व्हायचं ते उसाचं. भवानीनगर, माळेगाव, वालचंदनगरच्या काट्यावर गाड्यांची रांग लागायची. बाईचं शरीर कुठल्या काट्यावर चढत नव्हतं. पुणे स्टेशनवर नाणं टाकून तिकीट देणारं रंगीत दिव्यांचं यंत्र होतं, पण त्यावर उभं राहायचं ते तिकिटामागचं भविष्य वाचायला. बाई वाळली की भरली हे कासाराला आधी कळायचं. गेल्या संक्रांतीला हात दाबून दाबून चढवलेली बांगडी यंदा सहज सरकली, की तो काही न बोलता आईकडे बघायचा. दुसरा जाणकार शिंपी. चोळीची शिवण उसवावी लागली तर घरात कौतुक, आत घ्यावी लागली तर काळजी.

या नजरेच्या मागे भूक होती, हे विसरून तिचं कौतुक करता येणार नाही. १९७२च्या दुष्काळात मी शाळेत होते. नीरा डाव्या कालव्याखालचा बागायती पट्टा कसाबसा तग धरून होता, जिरायती गावांत प्यायला पाणी नव्हतं. बायका खडी फोडायला, पाझर तलावाची माती वाहायला जायच्या. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची आणि कामावर सुकडी. त्या वर्षी सगळ्याच बायकांच्या गळ्याची हाडं वर आली होती. ज्यांनी ते पाहिलं, त्यांना पुढं जन्मभर भरलेल्या दंडाची बाई दिसली की बरं वाटायचं.

आणि सुकाळातही आई जेवायची ती सगळ्यांच्या मागून. पुरुषांची पंगत, मग मुलं, मग सासू, मग ती. कोरड्यास संपलेलं असायचं, भाकरी असायची. चटणी आणि पाण्याचा तांब्या घेऊन ती चुलीपाशीच बसायची. ‘अंगानं भर’ असं सगळं गाव लेकीला सांगायचं, पण सुनेच्या ताटात काय उरलं हे बघायला कुणी वाकत नव्हतं. मला त्या काळाची आठवण येते, मनापासून येते. पण ही गोष्ट त्या आठवणीतून गाळली तर ती आईशी बेइमानी होईल.

तेव्हा शरीराकडे कुणाचं लक्ष नव्हतं, असं हल्ली कौतुकानं सांगतात. तेही खरं नाही. मुलगी दाखवताना तिला चालायला लावत, हात पुढे करायला सांगत. काटकुळ्या मुलीला नकार यायचा, कारण पाटीभर शेण आणि डोईवरचा हंडा तिला झेपेल का, असा प्रश्न असायचा. रंगावरून तर सर्रास बोललं जायचं आणि अजूनही बोललं जातं. त्यात पन्नास वर्षांत फार फरक पडला असं मला दिसत नाही. बाळंतिणीचं पोट सुटू नये म्हणून जुन्या लुगड्याची पट्टी करकचून बांधत, बाजेखाली शेगडी ठेवत. त्याच वेळी डिंकाचा आणि अळिवाचा लाडूही हातात देत. पोट आवरायचं आणि पोटभर खायचं, या दोन गोष्टींचं तेव्हा भांडण नव्हतं.

मला वाटतं, मोठा बदल आरशानं केला. आमच्या घरात भिंतीला टांगलेला वीतभर आरसा होता. त्यात कुंकू दिसायचं, भांग दिसायचा. उभं राहून आपण मागून, बाजूनं कशा दिसतो हे आईनं कधी पाहिलंच नव्हतं. मग लग्नात लोखंडी कपाट द्यायची चाल आली. कुणीही बनवलेलं असो, आम्ही त्याला गोदरेजचं कपाटच म्हणायचो. त्याच्या दारावर उभा आरसा असायचा. माझ्या लग्नातलं कपाट बैलगाडीतून उतरवलं तेव्हा आळीतल्या बायका त्याच्यासमोर ओळीनं उभ्या राहिल्या होत्या. पदर सारखा करत होत्या, लाजत होत्या. माझ्या थोरल्या जाऊबाई सर्वांत शेवटी आल्या, बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘मी एवढी जाड हाय व्हय?’ त्यांच्या अंगाला कुणी तोवर नाव ठेवलं नव्हतं. नऊवारीच्या कासोट्यात त्या अंगानं दांडग्या, कामाला वाघ अशा होत्या. त्यानंतर त्या कपाटासमोरून जाताना पदर पोटावर ओढून घ्यायच्या.

आज तो आरसा मोबाइल होऊन खिशात आला आहे. बारामतीत पहाटे कालव्याच्या कडेनं, तीन हत्ती चौकाकडून, बायका पायांत बूट घालून झपाझप चालतात. हे दृश्य मला फार आवडतं. माझ्या सासूबाईंना दिवसातला एक तासही स्वतःचा म्हणून मिळाला नव्हता. त्यांच्या नातसुनेनं तो मिळवला आहे. पण चालता चालता जे बोलणं कानावर पडतं, ते ऐकून वाईट वाटतं. कुणाचं दीक्षित डाएट चालू असतं: दिवसातून दोनदाच जेवायचं, तेही ५५ मिनिटांत. कुणी ऋजुता दिवेकरांचं ऐकून थोड्या थोड्या वेळानं खात असते. दोघींचं आपापल्या परीनं ठीक चाललेलं असतं, तरी दोघींच्याही बोलण्यात अपराध्यासारखा सूर असतो. ‘काल लग्नात एक जिलबी खाल्ली हो.’ भिशीत लाडवांचं ताट फिरतं आणि जसंच्या तसं परत येतं. उपवास आमच्या आयाही करत होत्या, पण दुसऱ्या दिवशी त्या पोटभर जेवायच्या आणि त्याबद्दल कुणाची माफी मागायच्या नाहीत.

काळजी खोटी आहे, असंही मी म्हणणार नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९०च्या दशकात शिरूरकडच्या गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला. त्या बायकांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं. त्यांची बाळं सुमारे २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. पण आपल्या या किरकोळ बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानानं जास्त होती. पिढ्यान् पिढ्यांची उपासमार अशी रक्तामांसात उतरते. मग कालवा आला, ऊस आला, भाकरीच्या जागी चपाती आली, दारात दुचाकी आली, आणि हातपाय बारीक असलेल्या बाईच्याही पोटावर चरबी साठून तिला चाळिशीत मधुमेह निघू लागला. जी ज्वारी आम्ही गरिबाची म्हणून मागे टाकली, ती आता गव्हापेक्षा महाग घेऊन डॉक्टरांच्या सांगण्यावरून खातो.

२०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सुमारे २१ टक्के बायका गरजेपेक्षा बारीक निघाल्या, सुमारे २३ टक्के जाड. रक्त मात्र निम्म्याहून अधिक जणींचं कमी होतं, ५४ टक्के. जाड असो की बारीक, बाईच्या ताटात अजूनही काहीतरी कमी पडतं आहे.

गळिताच्या हंगामात पहाटे चालायला निघालेल्या बायकांच्या शेजारून बीड-अहिल्यानगरकडच्या ऊसतोड बायका फडाकडे जातात. ३०-४० किलोची मोळी डोक्यावर घेऊन त्या फळीवरून ट्रकवर चढतात. त्यांना बघून कुणीतरी म्हणतं, ‘बघा, किती सडपातळ आहेत!’ मला ते सहन होत नाही. ते सडपातळपण आम्ही १९७२ साली पाहिलं आहे.

माझ्या भाचीची मुलगी आठवीत आहे. शाळेत कुणीतरी तिला मोटू म्हटलं आणि तिनं डबा खाणं सोडलं. ही भीती मला नवी आहे. आमच्या वेळी मुली उपाशी राहिल्या त्या घरात नव्हतं म्हणून. भरल्या घरात, स्वतःच्या अंगावर रागावून उपाशी राहिलेली मुलगी मी पाहिली नव्हती. तिची आजी हातात घास घेऊन मागे फिरते. मुलगी म्हणते, ‘आजी, तुला काही कळत नाही.’ आजीला एकच कळतं, पोर वाळायला लागली आहे, आणि ते खरं आहे.

तिची थोरली बहीण पोलीस भरतीची तयारी करते. बारामती-इंदापूरच्या मैदानांवर आता अशा मुलींचे थवे असतात. शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या लेकी. ८०० मीटर धावायचं, १०० मीटर धावायचं, ४ किलोचा गोळा फेकायचा. ती सकाळी उकडलेली अंडी, भिजवलेले हरभरे आणि दोन भाकरी खाते आणि आणखी मागते. मध्यंतरी ती घरी आली तेव्हा मी सवयीनं तिचे दंड चाचपले आणि म्हटलं, ‘बरी भरलीस गं.’ ती हसली, बाही वर केली आणि म्हणाली, ‘आजी, गोळा आता सात मीटरच्या पुढं जातोय.’ परवा तिनं धाकटीला सोबत मैदानावर नेलं. परत आल्यावर धाकटीनं वाटीभर हरभरे खाल्ले, असं तिच्या आईचा फोन आला तेव्हा कळलं.