आधी ब्रश, मग स्क्वीजी

बेळगावात आमचं स्क्रीन प्रिंटिंगचं छोटं दुकान आहे. एकाच जाळीवर आज मराठी लग्नपत्रिका, उद्या कन्नड. जाळी अशी पुन्हा पुन्हा वापरता आली तरच चार पैसे उरतात. म्हणून ब्रश मी पारखून घेते. तारेचा ब्रश दुकानात येऊच देत नाही. त्यानं जाळीचे धागे तुटतात. प्राण्यांच्या केसांचा ब्रश कॉस्टिकमध्ये गळून जातो. नायलॉनचा मऊ ब्रश बरा. तोही एक नाही, तीन: शाईला, इमल्शनला आणि मागे राहिलेल्या डागांना वेगवेगळा. तिन्हींच्या मुठींना वेगळे रंग दिलेत. हातमोजे घालून, दोन्ही बाजूंनी गोल गोल घासायचं. इमल्शन काढायचं औषध वाळायच्या आत धुवायचं. वाळलं तर जाळी बाद. धाकटा भाऊ आता दुकान शिकतोय. त्याच्या हाती मी आधी ब्रश दिलाय, स्क्वीजी नंतर.