सहा तारा, वेगळ्या वाटा

आमच्या धर्मग्रामात दर रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात गिटारचा वर्ग भरतो. सेमिनरीत असताना हे वाद्य आमच्या हाती आले आणि गेली अनेक वर्षे आम्ही ते इतरांच्या हाती देत आलो आहोत. वर्गाचा मूळ हेतू साधा होता : गायनवृंदाला साथ करणारी दोन-चार मुले तयार व्हावीत. परंतु शिकायला येणारा प्रत्येक जण आपला स्वतंत्र हेतू उराशी बाळगून येतो, हे या वर्गानेच आम्हांला शिकवले.

नववीतील एका मुलीला ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षेची श्रेणी गाठायची आहे. महाविद्यालयातील एका तरुणाला मित्रांच्या मैफलीत चित्रपटगीते वाजवायची आहेत. मुलगी स्टाफ नोटेशन अस्खलित वाचते. पण कागद दूर केला की तिची बोटे थबकतात. तरुणाचे नेमके उलटे. तो गाणे दोनदा ऐकून उचलतो, कागदाकडे मात्र पाहतही नाही.

कोणी डोळ्यांनी शिकतो, कोणी कानांनी, आणि ज्याला त्याला त्याच्याच पद्धतीने शिकवावे, असे शिक्षणक्षेत्रात ठासून सांगितले जाते. २००८ साली चार अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरील संशोधन तपासले. अशी वर्गवारी करून शिकवल्याने अधिक लाभ होतो, याला त्यांना पुरेसा आधार आढळला नाही. आमचा अनुभवही त्याहून निराळा नाही. म्हणून मुलीला आम्ही अधूनमधून डोळे मिटून वाजवायला लावतो आणि तरुणाला चार ओळी लिहून आणायला सांगतो. आरंभ प्रत्येकाच्या सोयीच्या टोकापासून करावा. मात्र दुसरे टोकही त्याला दाखवावे.

सत्तरी गाठलेले एक निवृत्त गृहस्थही येतात. त्यांच्या पत्नीला स्मृतिभ्रंश जडला आहे. मुलांची नावे तिला आठवत नाहीत. पण जुने भक्तिगीत कानी पडले की ती सोबत गाऊ लागते. "फादर, मला वादक व्हायचे नाही. तिची तीन गीते तेवढी शिकवा," असे ते पहिल्याच दिवशी म्हणाले. त्यांच्या ताठर बोटांना पोलादी तारा सोसवेनात, म्हणून आम्ही नायलॉनच्या तारांची गिटार दिली. जी, सी आणि डी या तीन कॉर्ड पुरेशा झाल्या. पत्नीचा आवाज सहज लागेल ती पट्टी त्यांनी घरी कॅपो एकेक पडदा सरकवून शोधून काढली. त्यांना सिद्धान्त शिकवण्याचा आग्रह आम्ही धरला नाही. त्यांच्यापाशी वेळ थोडा आहे आणि तो कशासाठी खर्चायचा, हे त्यांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे.

सर्वांत कठीण धडा एका कामगार तरुणाचा. कारखान्यातील यंत्राने त्याच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी नेली. पूर्वी गायनवृंदात पुढे उभा राहणारा हा मुलगा मागच्या बाकावर बसू लागला होता. एके दिवशी त्याने विचारले, "फादर, दोन बोटांनी काय वाजेल?" जँगो राइनहार्ट या थोर गिटारवादकाची हीच दोन बोटे १९२८ साली आगीत भाजून निकामी झाली होती आणि उरलेल्या दोन बोटांवर त्याने आपली वादनशैली उभारली, हे आम्ही त्याला सांगितले, पण एकदाच. थोरांची उदाहरणे फार उगाळली तर त्यांचे ओझे होते. मग आम्ही कामाला लागलो. ई मायनर आणि ए सेव्हन या कॉर्ड दोन बोटांच्याच. डीला तीन बोटे लागतात; तेथे तर्जनी दुसऱ्या पडद्यावर पहिल्या तीन तारांवर आडवी ठेवायची आणि मध्यमा तिसऱ्या पडद्यावर दुसऱ्या तारेवर. पंधरा दिवस नुसता खरखराट. एका रविवारी मात्र सूर स्वच्छ उमटला. आज तो एक गीत स्वतःच्या साथीने पूर्ण गातो. ठेका अजून अडखळतो, पण मागचा बाक त्याने सोडला आहे.

"धर्मग्रामाच्या सभागृहात सिनेमाची गाणी कशाला?" असा प्रश्न एका ज्येष्ठ बंधूंनी आम्हांला केला. प्रश्न रास्त आहे. उपासनेला स्वतःची शिस्त असते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली ऑर्गनला मानाचे स्थान दिले आणि इतर वाद्यांना, ती पवित्र कार्यास साजेशी असतील तर, अधिकाऱ्यांच्या संमतीने वाट मोकळी ठेवली. ती मर्यादा आम्ही वेदीपाशी कसोशीने पाळतो. पण सभागृह म्हणजे वेदी नव्हे. १८१८ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ गावी 'सायलेंट नाइट' हे गीत प्रथम गायिले गेले, तेव्हा साथीला गिटार होती. आणि ती वाजवणारे योसेफ मोर हे धर्मगुरूच होते. गिटार तेव्हा घरगुती गाण्याबजावण्याचे वाद्य होते. घरात सरावलेला हातच त्या रात्री मंदिरात कामी आला.

तो तरुण उद्या गायनवृंदात येईल की नाही, आम्ही सांगू शकत नाही. वर्गात येण्यासाठी तशी अटही आम्ही घालत नाही. पालकांना मात्र एक विनंती. मुलाला वर्गात धाडण्यापूर्वी त्याला काय वाजवायचे आहे, हे त्यालाच विचारा, आणि त्याचे उत्तर आपल्या अपेक्षेबाहेरचे निघाले तरी त्याला धाडा. तारा लावण्याचे काम आम्ही करू.