कडी ओढण्याआधी



दिवाळीच्या सुट्टीत मी एक शाल करायला घेतली. जाळीदार, तीनकोनी. नेहमीची क्रोशाची नाही, टॅटिंगची. आणि टॅटिंगही शटलवर नाही, क्रोशाच्या सुईवर. डी.एड.ला कार्यानुभवात क्रोशाचा रुमाल केला होता, त्यामुळे वाटलं, जमेल की! जमलं नाही.

पहिली चूक सुईची. आपल्या साध्या सुईला मधे बोट टेकवायला चपटा भाग असतो. या कामात टाके सुईवरच साठवायचे असतात, ते त्या चपट्या जागी अडकतात. सुई टोकापासून शेवटपर्यंत एकाच जाडीची हवी. दुसरी चूक लोकरीची. घरातली उरलेली केसाळ लोकर घेतली, ती टाक्यांतून सरकेचना. शेवटी गुळगुळीत सुती दोरा आणला.

काम असं चालतं. डाव्या बोटावर दोऱ्याचा वेढा घेऊन तो सुईवर चढवायचा, हा अर्धा टाका. दुसरा वेढा उलट दिशेनं, मग एक पूर्ण टाका. दोन्ही एकाच दिशेनं घातले तर सगळं पिळासारखं वळत जातं (माझं दोन दिवस तेच झालं). पाच टाके, मग थोडा दोरा सैल सोडून एक छोटं नाकं, पुन्हा पाच, असे वीस टाके भरले की सुईच्या आकड्यात दोरा अडकवून तो सगळ्या टाक्यांतून एकदम ओढून काढायचा. ओळीनं बसलेले टाके वळून गोल कडी होते. नाक्यांतून एक कडी दुसरीला जोडत जायचं. पहिल्या ओळीत एक कडी, दुसरीत दोन, अशा तीस ओळी. सुट्टीनंतर माझ्या चौथीच्या मुलांनी फळ्यावर बेरीज करून सांगितलं, "बाई, ४६५ कड्या! म्हणजे ९३०० टाके!" मी कपाळाला हात लावला.

माझी आत्या लग्नाआधी शटलवर टॅटिंग करायची. शटलच्या कामात गाठ एका दोऱ्यावरून दुसऱ्यावर पलटवावी लागते, शिकणारे तिथंच दमतात. सुईवर ती कटकट नाही. आता तिची बोटं आखडतात, म्हणून ती शेजारी बसून नुसती बघायची. आणि दर कडीला एकच वाक्य, "अगं, ओढू नकोस अजून. आधी मोज."

मला त्याचा कंटाळा यायचा. मग नवव्या ओळीवर असताना दिसलं की सातव्या ओळीतल्या एका कडीत पाचाच्या जागी सात टाके पडलेत आणि शाल तिथून एका बाजूला कलतेय. क्रोशा असता तर दोरा ओढला की सरसर उसवलं असतं. माझी आवळलेली कडी मात्र काही केल्या उसवेना. सुईच्या टोकानं तासभर उकरलं, दोरा फक्त पिंजला. आत्या म्हणाली, "सुईवर असतं तोवर दोन टाके सरकवून काढले असतेस की. आता एक तर काप, नाही तर राहू दे." राहू दिली.

सुट्टीनंतर पालक सभा होती. वर्गातली एक मुलगी निबंधाच्या वहीत दोन ओळींच्या पुढे लिहीत नाही, ही तक्रार मीच तिच्या आईला सांगितली. त्या म्हणाल्या, "बाई, घरी पाटीवर लिहिते की ती. पाटी भरून लिहिते. वहीत नको म्हणते, पाटीवरचं पुसता येतं म्हणते."

त्या दिवशी तिची वही घरी आणली. जुलैमधला पावसावरचा निबंध काढला. पूर्ण पानभर होता. अकरा लाल गोल, आणि खाली माझ्या अक्षरात 'शुद्धलेखनाकडे लक्ष दे'. त्या पानात तिनं लिहिलं होतं की रात्री घरात पाणी शिरलं आणि आजीला खाटेसकट उचलून शेजारी नेलं. त्यावर मी एक शब्द लिहिलेला नव्हता. ऑगस्टपासूनचे सगळे निबंध दोन-दोन ओळींचे.

शुद्धलेखन सोडून दिलं असं नाही, ऱ्हस्व-दीर्घ आजही बघते. फक्त आता निबंधाच्या तासाला टेबलाशी बसत नाही. आधी पाटीवर नाही तर पेन्सिलनं लिहायचं, मी फिरते, जवळ बसते, "वाच बरं मला" म्हणते. मोठ्यानं वाचताना निम्म्या चुका मुलांना स्वतःलाच सापडतात. मग वहीत. चौतीस मुलं आहेत, एका तासात पाच-सहा जणांपर्यंतच पोचते. बाकीच्यांचे लाल गोल अजून होतातच, खोटं कशाला सांगू.

कार्यानुभवाच्या तासाला शाल वर्गात नेली. ती वाकडी कडी मुलांनी लगेच शोधली. मग मुलांना कडी भरायला दिली आणि आत्याचं वाक्य वर्गात पसरलं. आता गणित सोडवलं तरी विचारतात, "बाई, ओढू का?"

ती मुलगी अजून वहीत फार लिहीत नाही. परवा मात्र पाटी घेऊन टेबलाशी आली. दोन्ही बाजू भरलेल्या होत्या. "बाई, अजून ओढलं नाही. बघा."

शालीच्या बावीस ओळी झाल्यात. २१२ कड्या बाकी आहेत, आणि आत्या रोज फोन करून विचारते.