हजेरी

आमचा एक माजी विद्यार्थी पुण्यातल्या एका संगणक कंपनीत नोकरीला आहे. पगार पुण्याचा, खुर्ची मात्र नांदगाव खंडेश्वरातल्या घराच्या माडीवरची. 2020 च्या टाळेबंदीत तो गावी आला, तो येथेच राहिला. आईच्या हातचे जेवण, वडिलांच्या शेतावर लक्ष, भाड्याची बचत; तक्रारीला जागा नाही. तरी दर शनिवारी संध्याकाळी तो पुस्तक बदलण्याच्या निमित्ताने माझ्याकडे येतो. आधीचे पुस्तक बहुधा वाचलेले नसते. (मीही विचारीत नाही.) एकदा चपला घालता घालता म्हणाला, "दिवसभर बोलतच राह्यतो सर, पन कोनासोबत बोललो असं वाटत नाई."

कंपनी तीन महिन्यांतून एकदा सर्वांना पुण्याला बोलावते. पूर्वी हा कुरकुरत जाई. आता बडनेऱ्याहून गाडी पकडताना उत्साहात असतो. ज्या सहकाऱ्याला तो दोन वर्षे शिष्ट समजत होता, तो बोलताना अडखळतो, हे त्याला तेथे एका ताटाशी बसल्यावर कळले. बैठकांत तो माणूस 'हो', 'नाही' याच्या पुढे का जात नाही, याचा उलगडा तेव्हा झाला.

घरून काम करणे वाईट, असे मी म्हणणार नाही. कचेरीतही माणसे एकमेकांना न पाहता निवृत्त होतात. शिवाय त्याला उपदेश करण्याचा अधिकार मला उरलेला नाही.

2021 साली मीही घरूनच शिकवीत होतो. पडद्यावर नावांचे चौकोन, कॅमेरे बंद. खेड्यांत रेंज पुरत नसे. एका मुलीचे नाव रोज वेळेवर उगवे आणि मी तिची हजेरी मांडीत असे. ऑक्टोबरात महाविद्यालये उघडली तेव्हा तिचा बाक रिकामा होता. दुसऱ्या लाटेत तिचे वडील गेले होते. ती निंदणाला जाई आणि धाकटा भाऊ मोबाइलवर वर्ग लावून ठेवी. सबंध सत्रभर मी तिला उपस्थित लिहिले होते.

त्या सत्रात मी शिकवीत काय होतो, तर 'लीळाचरित्र'! चक्रधरस्वामींच्या प्रयाणानंतर म्हाइंभट गावोगाव हिंडले. ज्याने जी लीळा पाहिली, ती त्याच्याच तोंडून ऐकली, नागदेवाचार्यांकडून तिची शहानिशा करून घेतली. ज्या रिद्धपूरला महानुभावांचा हा व्याप उभा राहिला, ते आमच्याच जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात आहे. म्हाइंभटांच्या त्या पायपिटीवर मी खोलीचे दार लावून, एकही चेहरा न पाहता, तासभर बोललो होतो. नंतर त्यावर टिपणेही पाठवली. असो.

दिवाळीनंतर मी त्या मुलीच्या गावी गेलो. अंगणात कापूस वाळत पडला होता. मला पाहून ती गोंधळली. "सर, तुमी कायले आले इतक्या दूर?" म्हणाली, आणि खाट टाकली. मला उत्तर सुचले नाही. तिच्या आईने चहा केला. अभ्यासाविषयी आम्ही फारसे बोललोच नाही. वडिलांविषयी मात्र ती बराच वेळ बोलली. परीक्षेचा अर्ज तिने पुढच्या वर्षी भरला.

गेल्या शनिवारी पाऊस फार होता. तो विद्यार्थी भिजत आला. पुस्तक आणायला विसरला होता.