पहिल्या तारखेचं काम

मंडळी, स्मरणिकेत कुणी गणपतीच्या आठवणी लिहितं, कुणी स्कॉटलंडची सहल. मी मात्र आमच्या जिन्याखालच्या कपाटातल्या एका काळ्या डब्याबद्दल लिहिणार आहे. हसू नका, त्या डब्यानं मला चांगलाच धडा शिकवला आहे.

आमच्या साताऱ्याच्या घरी महिन्याची पहिली तारीख दोन गोष्टींसाठी राखलेली असे : वाण्याची यादी आणि इन्व्हर्टरची बॅटरी. अण्णा विद्युत मंडळात लाइनमन होते. २००५ साली मंडळाचं विभाजन होऊन महावितरण वगैरे कंपन्या झाल्या, पण अण्णांच्या तोंडी अजूनही ‘बोर्ड’च! त्या वर्षांत भारनियमनानं कहर केला होता. गावाला वीज देणाऱ्याच्याच घरात अंधार, म्हणून शेजारी चेष्टा करायचे. शेवटी अण्णांनी इन्व्हर्टर घेतला.

पहिल्या तारखेला ते बनियनवर बसून बॅटरीची सहा झाकणं उघडत, पातळी बघत आणि कमी असेल तिथे डिस्टिल्ड वॉटर घालत. चार्जिंग होताना पाण्याचा वायू होऊन उडून जातो, ऍसिड मागेच राहतं, म्हणून भरायचं ते फक्त पाणी, आणि तेही नळाचं नाही. टर्मिनलवरची पांढरी पूड गरम पाण्यानं धुवायची, वर व्हॅसलीनचं बोट फिरवायचं. माझं काम टॉर्च धरण्याचं.

मग मी इकडे आलो, वेअरडेलमधल्या एका खेड्यात घर घेतलं आणि टॉर्च विसरलो. इथे वीज कुठे जाते? मंडळातले ज्येष्ठ सभासद १९७४ च्या तीन दिवसांच्या आठवड्याच्या आणि मेणबत्त्यांच्या गोष्टी सांगतात, पण आम्हाला त्या ऐकीवच. आमच्याकडे कधीमधी दिवे मिचकायचे आणि कॉम्प्युटर बंद पडून केलेलं काम जायचं, म्हणून २०१५ मध्ये यूपीएस आणला, कपाटात ठेवला आणि विसरून गेलो.

मे २०२१ मध्ये आई गेली. भारत तेव्हा रेड लिस्टवर होता. मला जाता आलं नाही, अंत्यदर्शन मोबाइलवर घेतलं. तेव्हापासून अण्णा एकटे. पहाटे चहा झाला की ते व्हॉट्सॲपवर फोन करायचे, इथे आमची झोपायची वेळ. आमच्या दरीत मोबाइलची रेंज यथातथाच, त्यामुळे सगळी भिस्त वायफायवर.

त्याच उन्हाळ्यात यूपीएस अधूनमधून बीप करू लागला. एकदा ऐन मीटिंगमध्ये ओरडला, तेव्हा मी सेटिंगमध्ये जाऊन त्याचा आवाजच बंद करून टाकला. त्याच सुमारास आमचा घरचा फोनही तांब्याच्या तारेवरून राउटरवर आला. जुन्या फोनला एक्स्चेंजमधून तारेतूनच वीज मिळायची, त्यामुळे दिवे गेले तरी तो चालायचा. नवा फोन राउटरबरोबरच मान टाकतो. हे मला ठाऊक होतं, पण मनावर घेतलं नव्हतं.

२६ नोव्हेंबर २०२१, शुक्रवार. आर्वेन वादळ आलं. नॉर्थम्बरलंडमध्ये ब्रिझली वूडला ताशी ९८ मैलांचा वारा नोंदला गेला. देशभरात दहा लाखांहून अधिक घरांची वीज गेली, जवळजवळ चार हजार घरांत ती आठवडाभरानंतरही आली नव्हती. आमचे दिवे रात्री गेले. यूपीएसवर राउटर तासभर तरी चालेल या भरवशावर मी होतो. तो दोन मिनिटंही टिकला नाही. मोबाइलचा टॉवर गेला, गॅस असूनही बॉयलर बंद. साडेअकराला, म्हणजे साताऱ्यात पहाटे पाचला, आम्ही देवापुढच्या निरांजनाच्या उजेडात मुका फोन बघत बसलो होतो.

रविवारी रस्ता मोकळा झाल्यावर गाडी काढली. बिशप ऑकलंडजवळ फोन जिवंत झाला आणि अण्णांचे सतरा मेसेज एकदम आले. एका बोटानं टाइप केलेले. शेवटचा होता, ‘फक्त बरा आहेस एवढं लिही.’

मी फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग त्यांनी विचारलं, “बॅटरी किती वर्षांची होती?”

“सहा, अण्णा.”

“आणि तपासली कधी होतीस?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

“तुझी आई गेली तेव्हा निदान फोन तरी लागत होता रे,” एवढंच म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात अण्णा आले ते बॅगेत मल्टिमीटर घेऊनच. आल्या आल्या कपाट उघडलं. शेजारून हीटिंगचा गरम पाइप जात होता. “हिला भट्टीत ठेवलीस होय!” तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आत बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी होती. हिच्यात पाणी घालायची सोय नाही, तीन ते पाच वर्षांनी बदलायचीच. आमची फुगून खोक्यात अडकली होती. यूपीएस बंद करून, प्लग काढून, हातातली अंगठी उतरवून अण्णांनी ती हळूच बाहेर ओढली. नवी बसवताना लाल वायर प्लसला, काळी मायनसला. लेझर प्रिंटर त्यांनी यूपीएसवरून हटवला, तो एका दमात फार वीज ओढतो. जुनी बॅटरी कौन्सिलच्या रीसायकलिंग सेंटरला दिली, कचऱ्यात टाकायची नसते. नवीवर त्यांनी तारखेची चिठ्ठी चिकटवली.

तपासणीची रीतही शिकवली. प्लग उपटायचा नाही, भिंतीवरचं बटण बंद करायचं, म्हणजे अर्थिंग जोडलेलं राहतं. मग किती मिनिटं टिकतो ते घड्याळ लावून बघायचं.

मंडळी, देशातले बाकीचे तांब्याचे फोनही बंद होणार असून त्यासाठी जानेवारी २०२७ ची मुदत ठरली आहे. तुमच्याकडे आईवडील राहत असतील, कुणाच्या गळ्यात मदतीचं बटण असेल, तर फोन कंपनीला बॅकअप मागा. वीज गेल्यावर किमान तासभर आपत्कालीन फोन करता यावा अशी ऑफकॉमची अपेक्षा आहे, आणि घरच्या फोनवरच अवलंबून असणाऱ्यांना ही सोय फुकट मिळायला हवी. वीज गेली तर १०५ नंबर मोफत आहे. वृद्ध आणि आजारी माणसांची नावं वीज नेटवर्कच्या प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टरमध्ये घालून ठेवा. आणि काळा डबा बीप करत असेल, तर त्याचं तोंड दाबू नका.

आता दर पहिल्या तारखेला अण्णा फोनवर म्हणतात, “कर बटण बंद.” मी करतो. घरात कुठेतरी बीप वाजतो.

“येतोय आवाज?” ते विचारतात.

“येतोय, अण्णा.”