बोटीवरचा फ्रीज

मी आणि माझा एक मित्र, दोघांनी मिळून ॲनापोलिसला एक जुनी ३३ फुटी शिडाची बोट घेतली आहे (घेतली तेव्हा स्वस्त वाटली होती!). येत्या हिवाळ्यात दोन महिने बहामाजला जायचं ठरतंय. बोटीवर फ्रीज नव्हता, नुसती बर्फाची पेटी. मित्राला काळजी बिअरची, मला इन्सुलिनची. चालू असलेलं पेन साधारण महिनाभर बाहेर चालतं, पण न उघडलेली २ ते ८ अंशांतच ठेवावी लागतात. आणि एकदा गोठलं की फेकून द्यायचं.

"अरे, मग बर्फ घेत जा की जागोजागी," इति बायको. लहान बेटांवर बर्फ मिळेलच याची खात्री कोण देणार?

फ्रीज म्हणजे काय, तर आतली उष्णता उचलून बाहेर टाकायची. घरी ती स्वयंपाकघरात जाते, कुणाला कळतही नाही. बोटीत कॉम्प्रेसर बसणार बाकाखालच्या बंद कप्प्यात. तिथली हवा ३५ अंशांच्या वर, आणि खेळती नाहीच. बाहेर समुद्र २८ अंशांचा, आणि पाणी हवेपेक्षा कितीतरी भराभर उष्णता ओढून घेतं. लहानपणी आई दुधाचं पातेलं परातीतल्या पाण्यात ठेवायची, तसंच. म्हणजे पाण्यावर थंड होणारा घ्यायचा, इथवर आमचं एकमत.

पुढे भांडण. मित्राला पंपवाला हवा होता. समुद्राचं पाणी आत ओढायचं, फिरवायचं, बाहेर सोडायचं. पण उन्हाळ्यात चेसापीक उपसागरात जेलीफिशचा नुसता सुळसुळाट असतो. त्यातली एक गाळणीत अडकली की पंप कोरडा फिरणार, आणि आम्ही तेव्हा किनाऱ्यावर जेवत असणार. शिवाय वीज. कॉम्प्रेसर साधारण ५ अँपिअर खातो, दिवसात १२ तास चालला तर झाले ६० अँपिअर-तास. १०० वॉटचे दोन सोलर पॅनेल चांगल्या उन्हात तेवढंच देतात. त्यात पंप घालायला एक्सेल शीट तयार होईना :)

दुसरा प्रकार बिनपंपाचा. यात गॅसची नळीच बोटीच्या तळाशी पाण्यापर्यंत नेतात. त्यासाठी एक कांस्याचा ठोकळा बाहेरून बसवतात, पण पाण्याखाली नवं भोक पाडायचं म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. मग सापडलं की बेसिनचं पाणी जातं त्या भोकातच बसणारा भाग मिळतो. बोट हलते तसं पाणी आपोआप आत-बाहेर होतं. हलणारा एकही भाग नाही, म्हणजे बिघडायला एक गोष्ट कमी! तोटे आहेतच. कवचवाले प्राणी चिकटतात, ते खरवडायचे. जस्ताचा तुकडा झिजतो, तो बदलायचा. आणि बोट दुरुस्तीला पाण्याबाहेर काढली की फ्रीज बंद. तेव्हा माझी पेनं घरी.

खरं काम मात्र वेगळंच निघालं. जुन्या पेटीभोवतीचा फोम जेमतेम दीड इंच, तोही पाणी पिऊन जड झालेला. तो उकरून चार इंच नवा बसवण्यात आमचे तीन शनिवार-रविवार आणि माझी एक पँट गेली. पण कॉम्प्रेसर आता दिवसाला आठ-नऊ तासच चालतो. आधी फोम, मग फ्रीज, हे कुणी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं.

गेल्या शनिवारी चाचणी घेतली. वरच्या जाळीत थर्मामीटर ४ अंश दाखवत होता. मित्र खूश, बिअर उघडून मोकळा. मला चैन पडेना, म्हणून मुदत संपलेलं एक पेन गार पत्र्याला टेकवून रात्रभर ठेवलं. सकाळी बघतो तर आतलं इन्सुलिन गोठून पांढरं.

आता पत्र्यापासून हातभर लांब, वरच्या जाळीत, एक प्लास्टिकचा डबा दोरीनं बांधलाय. त्यावर मार्करनं लिहिलंय, "बिअर ठेवू नये."